माळ्यावरच्या खोक्यापासून पुन्हा सुरुवात

पाथर्डी फाटा, नाशिक येथील एका वाचकांचे पत्र थोडक्यात असे आहे:

‘मी बेचाळीस वर्षांचा असून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. लहानपणी पंचवटीतील घरी लिटल मास्टर हा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. कमावता झाल्यावर मी जुने व्हिडिओ गेम जमवू लागलो. पुढे फ्लॅट घेताना पैशांची गरज पडली म्हणून सेगा कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र आणि त्याच्या खेळांच्या सगळ्या कॅसेट विकल्या, उरलेले सामान आईच्या घरी माळ्यावर टाकले आणि तो विषय बंद केला. नुकतेच माझ्या मुलीने ते खोके खाली काढले. त्यात लिटल मास्टर, त्याची बंदूक, काही कॅसेट, एक हातात धरून खेळायचा गेम बॉय कलर, त्याची पोकेमॉन गोल्ड ही कॅसेट आणि नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवलेला पीएस टू (प्लेस्टेशन टू) आहे. तेव्हापासून पुन्हा जमवावेसे वाटू लागले आहे, पण आजच्या किमती पाहून छाती दडपली. विकलेले परत घ्यावे का? पत्नीचे म्हणणे असे की एवढा खर्च आणि एवढी जागा दोन्ही आपल्याकडे नाहीत. शिवाय मुलीला या वस्तू हाताळू द्याव्यात का, हेही कळत नाही.’

सर्वप्रथम एक विनंती. हे उत्तर वाचून होईपर्यंत खोक्यातील कोणतीही वस्तू विजेला जोडू नका. इतक्या वर्षांनी खोके उघडल्यावर बटण दाबून पाहण्याची घाई होणे अगदी स्वाभाविक आहे, परंतु माळ्यावर शाबूत राहिलेली यंत्रे त्याच पहिल्या मिनिटात जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

यातला मुख्य धोका एलिमिनेटरचा, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या अडॅप्टरचा आहे. लिटल मास्टर हे जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राच्या धर्तीवर बनलेले यंत्र आहे आणि अशा यंत्रांना साधारणपणे ९ व्होल्ट डीसी लागतो. निन्टेन्डो आणि सेगाच्या त्या काळातील अनेक यंत्रांमध्ये पिनेचा मधला भाग ऋण असतो, तर आज घरोघरी पडून असलेल्या राउटरच्या अडॅप्टरमध्ये तो बहुधा धन असतो. पिन तर व्यवस्थित बसते, पण वीज उलटी जाते आणि आतील भाग जळतो. म्हणून यंत्राच्या तळाशी छापलेली आकृती भिंगाने वाचा आणि एलिमिनेटरचे टोक मल्टिमीटरने तपासा. जुन्या, ट्रान्सफॉर्मरच्या जड एलिमिनेटरवर भार नसताना ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दिसू शकतात. तो दोष नव्हे. त्याची वायर मात्र कडक झाली असेल किंवा तिला भेगा पडल्या असतील तर तो वापरू नका. पुढे कधी जपानहून एखादे यंत्र मागवले, तर त्याचा मूळ अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो हे लक्षात ठेवा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो टिकणार नाही.

गेम बॉय कलरचे झाकण उघडून पेन्सिल सेल आत राहिले आहेत का ते पाहा. सेल गळून पांढरा किंवा हिरवट थर साचला असेल, तर अल्कलाइन सेलच्या गळतीवर कापसाच्या काडीने थोडेसे व्हिनेगर लावावे, थर विरघळला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. कॅसेटच्या पितळी रंगाच्या पट्ट्यांसाठीही हेच अल्कोहोल वापरा. घरातील सॅनिटायझर वापरू नका, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. खोडरबर आणि पॉलिश पेपर हे आपल्या पिढीचे दोन आवडते उपाय होते; दोन्हींमुळे वरचा पातळ मुलामा खरवडला जातो आणि उघड्या पडलेल्या तांब्यावर गंज लवकर चढतो. आपण सगळेच कॅसेटमध्ये फुंकर मारत होतो. त्यानंतर खेळ सुरू होत असे तो मुख्यतः कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, आणि तोंडातील ओलावा पट्ट्यांवर तेवढा साचत राही. आता ती सवय सोडावी.

पोकेमॉन गोल्डबद्दल मात्र मन घट्ट करा. त्या कॅसेटमध्ये सीआर २०२५ ही तीन व्होल्टची बटण बॅटरी डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेली असते आणि आपण जपून ठेवलेला खेळ, म्हणजे तोवरची प्रगती, तिच्या जोरावरच टिकतो. या खेळात दिवस-रात्रीचे घड्याळही त्याच बॅटरीवर चालते, त्यामुळे ती इतर कॅसेटमधील बॅटरीपेक्षा लवकर संपते. तुम्ही वाढवलेले पोकेमॉन बहुधा आता त्यात नसतील. खेळ स्वतः वेगळ्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो. त्याला काही होत नाही. नवी बॅटरी बसवली की तो पुन्हा पहिल्यासारखा जपता येतो. नशिबाने जुना खेळ अजून दिसत असेल, तर बॅटरी काढण्याआधी कॅसेट रीडरच्या साहाय्याने तो संगणकावर उतरवून घ्यावा, कारण बॅटरी काढताच तो पुसला जाईल. कॅसेट उघडायला साधा पेचकस चालत नाही, ३.८ मिलिमीटरचा विशिष्ट पेचकस लागतो. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही चांगल्या कारागिराला ही बॅटरी बदलता येते, फक्त सोल्डरसाठी पट्ट्या जोडलेली बॅटरीच न्यावी. साध्या बॅटरीवर थेट डाग देणे धोक्याचे आहे.

पीएस टूच्या बाबतीत बऱ्याच जणांची एक फसगत होते. चिप बसवलेल्या यंत्रावर आपण बहुतेक बाजारात मिळणाऱ्या, घरगुती पद्धतीने लिहिलेल्या डीव्हीडी चालवल्या. अशा डीव्हीडीतील रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि प्रकाशाने खराब होतो; नाशिकचा उन्हाळा आणि छपराखालचा माळा यांनी त्याची काय अवस्था केली असेल याची कल्पना करता येते. त्या डीव्हीडी चालल्या नाहीत म्हणून लेझर गेला असे समजून यंत्र भंगारात देऊ नका. कारखान्यात छापलेली एखादी मूळ डिस्क, निदान चित्रपटाची छापील डीव्हीडी, लावून पाहा आणि मगच निष्कर्ष काढा. पीएस टूची १६ कोटींहून अधिक यंत्रे जगभर विकली गेली असल्यामुळे त्याचे सुटे भाग मिळणे अजून अवघड झालेले नाही. नाशिकमध्ये एखादा भाग मिळाला नाही, तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून, ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर शोध घेऊन त्याच दिवशी परत येता येते.

आता टीव्ही. तुमच्या पत्रात टीव्हीचा उल्लेख नाही, पण बंदुकीचा आहे, म्हणून हे सांगणे भाग आहे. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतील प्रकाशसंवेदक नेमका त्याच क्षणी तिथे उजेड आहे का ते पाहतो. नळीच्या टीव्हीवर हे चित्र तत्काळ उमटते. सपाट टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो, त्यामुळे बंदूक पाहते तेव्हा उजेड अजून आलेलाच नसतो. थोडक्यात, नव्या टीव्हीवर ती बंदूक चालणार नाही आणि त्यात बंदुकीचा काही दोष नाही. याच विलंबामुळे सपाट टीव्हीवर मारिओची उडीही किंचित उशिरा पडल्यासारखी वाटते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असल्यास तो सुरू करा, पुष्कळ फरक पडतो. जुन्या यंत्राची एव्ही वायर नव्या टीव्हीच्या एचडीएमआयला जोडून देणारे अगदी स्वस्त कन्व्हर्टर जुन्या यंत्रांचा सिग्नल चुकीचा ओळखतात आणि चित्र थरथरते, म्हणून तेथे बचत करू नये. आईच्या घरी किंवा नातेवाइकांकडे एखादा चालू नळीचा टीव्ही असेल, तर तो भंगारवाल्याच्या गाडीवर चढण्याआधी मागून घ्या. माझ्या मते कोणत्याही दुर्मीळ कॅसेटपेक्षा आज तो अधिक मोलाचा आहे, कारण कॅसेट जपणारे लोक पुष्कळ आहेत आणि टीव्ही जपणारे फार थोडे. त्याचे मागचे झाकण मात्र स्वतः कधीही उघडू नका. नळीवर वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

एवढे सगळे झाल्यावर, म्हणजे घरातील वस्तू जिवंत झाल्यावरच, खरेदीचा विचार करावा असा माझा आग्रह आहे. तुम्ही जो धक्का अनुभवला त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. टाळेबंदीच्या काळात घरी बसलेले असंख्य लोक एकाच वेळी या छंदाकडे वळले आणि किमती चढल्या. जुलै २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ ची एक सीलबंद प्रत अमेरिकेतील लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली, आणि पुढच्याच महिन्यात सुपर मारिओ ब्रदर्सच्या एका प्रतीला २० लाख डॉलर मिळाल्याची बातमी आली. या बातम्यांनी विक्रेत्यांची अपेक्षा कायमची बदलली. परंतु तो बाजार सीलबंद, स्थिती तपासून श्रेणी दिलेल्या अमेरिकी प्रतींचा आहे. पंचवटीत वाढलेल्या मुलाच्या बालपणाशी त्याचा काय संबंध? आपल्याकडे ते खोके, ती पुस्तिका, ते सील कधी आलेच नव्हते.

म्हणूनच मला असे मनापासून वाटते की तुम्ही अमेरिकी संग्राहकाची यादी समोर ठेवून जमवू नये. आपल्याकडे जे खेळले गेले ते जमवावे. नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचा दावा करणाऱ्या आणि प्रत्यक्षात तेच मोजके खेळ नावे बदलून दाखवणाऱ्या पिवळ्या कॅसेट, त्यांवरची भलतीच चित्रे, स्थानिक दुकानदाराने चिकटवलेले किमतीचे लेबल, देशी कंपन्यांची यंत्रे आणि त्यांच्या जाहिराती हे सारे आज कोणी नीट जपत नाही. त्या कॅसेटमधील चिप काळ्या राळेच्या थेंबाखाली असते, त्यामुळे ती बिघडली की दुरुस्त करता येत नाही; दर वर्षी त्यांची संख्या घटतच जाणार. त्यांना परवाना नव्हता हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही, पण या देशातील एका पिढीने कॉन्ट्रा, बॅटल सिटी आणि रोड फायटर याच मार्गाने पाहिले, ही वस्तुस्थिती नोंदवून ठेवण्याजोगी आहे. पीएस टूचेही तसेच आहे. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला आणि २००९ साली आलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’, त्याच वर्षीचा देशी खेळांवरचा ‘देसी अड्डा’, असे भारतात घडलेले खेळ पीएस टूवर निघाले. खेळ म्हणून ते सर्वोत्तम नसतील, तरी इथल्या संग्राहकाने ते ठेवले नाहीत तर कोण ठेवणार?

अशा वस्तू शोधण्यासाठी ओळखीच्या लोकांना विचारण्याइतका चांगला मार्ग नाही. शाळेतील मित्रांचे माळे, दिवाळीच्या आवराआवरीत बाहेर निघणारे सामान, बंद झालेल्या व्हिडिओ गेम पार्लरच्या मालकांकडे पडून राहिलेली यंत्रे, यांपर्यंत ऑनलाइन विक्रेता पोहोचत नाही, तुम्ही पोहोचू शकता. किंमत ठरवताना समोरच्या माणसाला त्या वस्तूचे खरे मोल माहीत नसेल, तर ते त्याला आधी सांगावे. नाशिकसारख्या शहरात हा छंद जपणारी माणसे मोजकी आहेत आणि त्यांच्यात विश्वास टिकणे आवश्यक आहे.

मूळ कॅसेट ऑनलाइन घेणारच असाल तर नकली मालापासून सावध राहा. गेम बॉय अॅडव्हान्सच्या पोकेमॉन कॅसेटच्या नकला सर्वांत जास्त फिरतात. अस्सल कॅसेटच्या लेबलवर दाबून उमटवलेला छोटा क्रमांक तिरका धरल्यावर दिसतो, खालच्या बाजूने पाहिले असता पट्ट्यांच्या वर सर्किटवर निन्टेन्डोचे नाव छापलेले दिसते आणि लेबलची छपाई फिकट किंवा धूसर नसते. विक्रेत्याकडे उघडलेल्या कॅसेटचा फोटो मागावा. जो तो द्यायला तयार नसतो, त्याच्याकडून घेऊ नये. परदेशातून मागवताना वस्तूच्या किमतीत टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळवूनच ती परवडते का ते ठरवावे.

विकलेला मेगा ड्राइव्ह परत घ्यावा का, हा तुमच्या पत्राचा गाभा आहे असे मला वाटते. तुम्ही तो घरासाठी विकलात, आणि त्या निर्णयात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. आज जो मेगा ड्राइव्ह तुम्ही विकत घ्याल तो तुमचा नसेल, दुसऱ्या कोणाचा असेल. शिवाय आणखी एक तांत्रिक बाब आहे. तुमचे जुने यंत्र पाल या टीव्हीच्या पद्धतीचे असेल, तर ते सेकंदाला ५० चित्रांच्या वेगाने चालत होते आणि १९९१ चा सॉनिक हा खेळ त्यावर मूळ वेगापेक्षा सुमारे सहाव्या हिश्श्याने संथ धावत होता, त्याचे संगीतही तसेच संथ वाजत होते. जपानहून ६० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांचे, यंत्र मागवलेत तर खेळ अधिक वेगवान आणि अधिक चांगला असेल, पण आठवणीतला नसेल. सगळा संच पुन्हा उभा करण्याऐवजी आधी सेगाने आधुनिक यंत्रांसाठी काढलेल्या जुन्या खेळांच्या संचांपैकी एखादा घेऊन खेळून पाहा. काही महिन्यांनीही तुम्ही त्याकडे वळत असाल, तर एक यंत्र आणि ज्यावर सर्वाधिक तास घालवले ती एकच कॅसेट घ्या. तोवर ओढ विरली, तर बरेच पैसे वाचतील.

असे संच सर्वच खेळांचे निघत नाहीत, हेही येथे सांगायला हवे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या अभ्यासात असे आढळले की अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांसाठीची ऑनलाइन विक्री बंद केली, तेव्हा केवळ तिथेच मिळणारे खेळ नव्या ग्राहकाला घेता येईनासे झाले. त्यामुळे प्रत्यक्ष कॅसेट आणि डिस्क सांभाळणारा माणूस निरर्थक पसारा करतो आहे असे मी मुळीच मानत नाही. तुमच्या पत्नीनाही हे शांतपणे सांगून पाहा.

त्यांचा आक्षेप मात्र योग्य आहे आणि त्याचे उत्तर बोलण्याने नव्हे, व्यवहाराने द्यावे लागेल. घराच्या हप्त्यातून आणि मुलीच्या शिक्षणातून एक रुपयाही या छंदाकडे वळणार नाही असे ठरवा. महिन्याची एक छोटी रक्कम दोघांनी मिळून निश्चित करा आणि प्रत्येक खरेदी एका वहीत तारीख, किंमत आणि विक्रेता यांसह लिहा. ती वही त्यांना केव्हाही पाहता यावी. जागेच्या बाबतीत एक कपाट ही मर्यादा पुरे आहे. कपाट भरले की नवे येण्यासाठी जुने काहीतरी गेले पाहिजे, हा नियम अवघड वाटला तरी संग्रह त्यानेच चांगला होतो, कारण प्रत्येक वस्तू का ठेवली आहे हे स्वतःला सांगावे लागते.

ते कपाट कोठे असावे याविषयी दोन शब्द. एप्रिल-मे महिन्यांत माळ्यावर प्लास्टिक पिवळे पडते आणि डिस्क खराब होतात, म्हणून हे सामान पुन्हा तिथे चढवू नका. तळमजल्यावर नदीकाठीही ठेवू नये. गोदावरीला मोठा पूर आला की दुतोंड्या मारुतीपासून सराफ बाजारापर्यंत पाणी कसे चढते हे पंचवटीत वाढलेल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. तुमच्या फ्लॅटमधील आतल्या भिंतीचे, उन्हापासून दूर असलेले कपाट उत्तम. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. गेम बॉयमधील सेल प्रत्येक वेळी खेळून झाल्यावर काढून ठेवा. पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाच्या मदतीने पांढरे करतात, पण ते काही काळाने पुन्हा पिवळे पडू शकते. मी तरी ते तसेच राहू द्यावे असे म्हणेन.

आणि मुलीला या वस्तू अवश्य हाताळू द्या. त्या खेळण्यासाठीच बनवल्या होत्या आणि अनेक वर्षे बंद राहण्यापेक्षा नियमित वापराने त्या अधिक चांगल्या राहतात. बॅटल सिटीपासून सुरुवात करा. १९८५ चा तो रणगाड्यांचा खेळ दोघांना एकाच बाजूने खेळता येतो, त्यात ३५ टप्पे आहेत आणि स्वतःचा नकाशा रचण्याची सोयही आहे, ती तिला नक्की आवडेल. तिला तीन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी शिकवा: यंत्र चालू असताना कॅसेट ओढायची नाही, रिमोटची वायर रिमोटभोवती घट्ट गुंडाळायची नाही, आणि खेळ जपला जात असल्याची सूचना पडद्यावर असेपर्यंत गेम बॉयचे बटण बंद करायचे नाही.